दुखणेदफ्तराचा शब्द रोजनाम्यात उतरला त्याची हकीकत

श्री. वाग्देवतेस नमन, दौत-लेखणीस नमन, आणि काय लिहावे हे सांगणारे पुष्कळ असता काय लिहू नये हे जिने सुचविले त्या बुद्धीस साष्टांग नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी, इंदुवासरे, एके राज्यी जे वर्तले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव विचारू नये. नाव घेतले तर तेथील लोक रुसतील, आणि न घेतले तर वाचणारास आपलेच राज्य वाटेल, यास्तव न घेणेच बरे. त्या राज्यात एक थोर दफ्तर होते, त्यास हल्लीचे लोक डेटाबेस म्हणतात. प्रजेचे जे जे म्हणोन काही, ते सर्व त्या दफ्तरात दालनवार लावून ठेविलेले होते, कोणाची शेते कोठवर, कोणाची विहीर किती खोल, कोणाचे लग्न कोणाशी जाहले, आणि सर्वांचे आतले दालन म्हणजे दुखणेदफ्तर, त्यात कोणास काय दुखणे आहे ते लिहिलेले होते. दफ्तरात ज्यास जाणे त्यास आधी दाखल करोन घ्यावे लागे, दाखल जाहला त्यास हल्ली यूजर म्हणतात, आणि त्यास परवलीचा एक शब्द मिळे, तोच हल्लीचा पासवर्ड. दरवाजा मोठा नामी होता. त्यास एक नळी होती, नळीत शब्द कुजबुजावा आणि आत जाते फिरून शब्दाचे पीठ पडावे. पीठ म्हणजे भाकरीचे नव्हे, तर साठ अक्षरांची एक ओळ, जीस ना काना ना मात्रा ना अर्थ. दोघांचा शब्द एकच निघाला तरी पीठ निराळे पडावे म्हणोन जाते दळताना चिमूटभर मीठ टाकी, म्हणजे दोन-चार भलतीच अक्षरे, आणि कोणास कोणते मीठ पडले ते दरवाजा पिठाचे शेजारी लिहून ठेवी. मग येणाराचे पीठ ठेवणीतल्या पिठाशी ताडून पाहून दरवाजा उघडे. दरवाज्याचे पोटी कोणाचा शब्द नव्हता, पीठच होते, आणि पिठाचा पुन्हा दाणा होत नाही हे तेथे शेंबडे पोरही जाणत असे.

आता वाकनीस. त्यांचे नाव सुभानजी. दरबारात जो हुकूम होईल तो जसाचा तसा रोजनाम्यात उतरावा, ही त्यांची चाकरी, आणि त्या रोजनाम्यास हल्ली लॉग म्हणतात. सुभानजी चाकरीस इतके एकनिष्ठ की महाराज बोलता बोलता खोकले तर तेही लिहीत, किती वेळा खोकले तेही लिहीत, आणि कोणी हसले तर त्याच्याकडे पाहून तेही लिहीत. दोन प्रहरी रोजनाम्याच्या पाच नकला होऊन पाच जासूद पाच ठाण्यांस निघत, कारण वाडा जळाला तरी रोजनामा राहावा ऐसी योजना होती. आणि दुसरे दिवशी सकाळी तोच रोजनामा चावडीवर मोठ्याने वाचीत, कारण आपला कारभार उघडा आहे याचा महाराजांस फार अभिमान. कोणास दाखल करून घेणे तर त्या आज्ञेची तीन अंगे असत, इसम कोण, दालन कोणते आणि शब्द काय. पहिली दोन दरबारात मोठ्याने बोलावी, तिसरे चिठीवर लिहून घडी घालून दरवाज्याच्या खिडकीतून आत द्यावे आणि चिठी तेथेच जाळावी, ऐसी वहिवाट. मग सुभानजींनी लिहावे की शब्द चिठीने दिला. ही वहिवाट तीस वर्षे सुरळीत चालली, कारण ती चालविणार दफ्तरदार गोमाजीपंत मोठे दक्ष.

गोमाजीपंतांस तीस वर्षांत कोणी चुकलेले पाहिले नव्हते. परंतु गेल्या पावसाळ्यापासून त्यांचे डोळ्यांपुढे धुके दाटले. आधी दिवा मंद वाटला म्हणोन वात मोठी करविली, मग शाई फिकी वाटली म्हणोन शाईवाल्यास रागे भरले, आणि शेवटी कागदच कोरा दिसू लागला तेव्हा गुपचूप वैद्यशाळेत जाऊन सगुणाबाई वैद्यीण यांस डोळे दाखविले. सगुणाबाईंनी पाहून सांगितले की उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे, डाव्यात धरू लागला आहे, काढता येईल, परंतु महिनाभर पट्टी बांधून घरी पडावे लागेल. आणि जे पाहिले ते दुखण्याच्या वहीत लिहिले, कारण तो त्यांचा नेम. पंतांस धास्ती पडली. त्या राज्यी जुना कायदा होता की ज्या दफ्तरदारास अक्षर दिसत नाही त्याने शिक्का खाली ठेवावा. खालचे गादीवर नायब यादोपंत बसलेलेच होते, जे तीन वर्षे पंतांच्या शिक्क्याकडे मांजराने दुधाकडे पाहावे तसे पाहत होते. म्हणोन पंत महिनाभर घरी पडले नाहीत. कारकुनाने कागद वाचावा, पंतांनी डोळे मिटून ऐकावा, ऐकून मान डोलवावी, आणि लोकांनी म्हणावे की पंत किती एकाग्र आहेत. ऐसे चार महिने निभावले, परंतु पंतांचा जीव टांगणीस लागला तो लागलाच.

मग मार्गशीर्षात महाराजांनी आज्ञा केली की वैद्यशाळेच्या वह्या पावसाने भिजतात, तरी त्या सर्व दुखणेदफ्तरात उतरवून घ्याव्या, आणि सगुणाबाईंस त्या एका दालनापुरते दाखल करावे. वह्या उतरल्या, त्यात पंतांचे डोळ्यांचे पानही उतरले, आणि आता त्या पानावर कुलूप म्हणाल तर सगुणाबाईंचा शब्द तेवढाच. चतुर्थीस सकाळी दरबार भरला, सुभानजी लेखणी सरसावून बसले आणि पंत उठले. पहिली दोन अंगे बोलले, दाखल करणे सगुणाबाई वैद्यीण, दालन दुखणेदफ्तर. तिसऱ्या अंगास घोटाळा होता. गेल्या महिन्यात पंतांनी एका कारकुनाची चिठी लिहिली तो अक्षरावर अक्षर चढले, दरवाज्याने भलतेच दळले आणि तो बिचारा तीन दिवस बाहेर ओटीवर बसून राहिला. दुसऱ्याकडून चिठी लिहवावी तर तो दुसरा शब्द जाणणार, आणि पंतांस चिठी लिहवत नाही हेही जाणणार. यास्तव पंतांनी मनाशी ताडले की दरवाजा शब्द ठेवीतच नाही, गिळून पीठ करतो, तर सांगितला म्हणोन काय बिघडले. ऐसा विचार करून ते खिडकीशी गेले आणि हलक्या आवाजात बोलले की यांचा शब्द आवळ्याचा मुरांबा. दरवाज्याने दळले, ठेवले, काम जाहले. सारी काळजी पंतांनी दरवाज्याची वाहिली, आणि दोन हातांवर सुभानजी बसले आहेत याचे भानच राहिले नाही.

दोन प्रहरी पंत जेवणास उठले ते जाता जाता सुभानजींपाशी थांबले आणि सहज विचारले की आजचे सर्व उतरले ना. सुभानजींस कोणी विचारले की आनंद होई. त्यांनी वही पुढे ओढून खड्या सुरात वाचिले की दफ्तरदार यांनी आज्ञा केली, सगुणाबाई वैद्यीण यांस दुखणेदफ्तरी दाखल करावे, शब्द आवळ्याचा मुरांबा हा असावा, ऐसे म्हणते समयी आवाज किंचित खाली आणिला. ऐकोन पंतांनी वहीवर हात ठेविला. त्यांनी पुसले की चिठीने दिला ऐसे का लिहिले नाही. सुभानजी म्हणाले की चिठी दिली असती तर तसे लिहिले असते, चिठी दिली नाही, तोंडाने सांगितले, मी खोटे कसे लिहू. पंत म्हणाले की मग खोडा. सुभानजी म्हणाले की खोडतो, परंतु खोडले ऐसे लिहावे लागेल, आणि काय खोडले ते न लिहिता खोडले ऐसे लिहिणे हे अर्धे लिहिणे होईल, तेव्हा तेही लिहीन. पंतांनी कपाळास हात लाविला. मग विचारले की नकला निघाल्या काय. तो कळो आले की पाची जासूद घटका जाहली वेशीबाहेर पडले, आणि उद्या सकाळी चावडीवर वाचन आहेच.

तेव्हा पंतांनी जे केले ते घाबरलेला मनुष्य करतो तेच केले, म्हणजे घाई. धावत खिडकीशी गेले आणि म्हणाले की सगुणाबाईंचा शब्द आत्ता बदलावा, आवळ्याचा मुरांबा रद्द, लिंबाचे लोणचे कायम. दरवाज्याने निमूट दळले. पंतांनी सुस्कारा सोडिला, तो मागे लेखणीची कुरकुर ऐकू आली. वळून पुसले की सुभानजी, काय लिहिता. सुभानजी म्हणाले की जे बोललात तेच. पंत वहीपाशी परत आले. त्यांनी हात जोडून म्हटले की अहो, लिंबाचे लोणचे हे कृपा करून लिहू नका. सुभानजींनी मान हलविली आणि लेखणी पुन्हा बुडवून लिहिले की दफ्तरदारांनी विनंती केली, लिंबाचे लोणचे हे लिहू नये. आणि वर प्रेमाने म्हणाले की आता पंत, आपण न बोलाल तर बरे, वही भरत चालली आहे. सुभानजींचा यात दोष काही नव्हता. वाकनिसाने न ऐकल्यासारखे करावे ऐसा हुकूम त्यांस कोणी कधी दिलाच नव्हता, आणि हुकुमावाचून न लिहिणे हे त्यांस जमत नसे.

मग पंतांस जेवण कसले आणि विसावा कसला. धोतराचा सोगा सावरीत ते वैद्यशाळेकडे निघाले, वाटेत दोन जागी पायरी चुकले, आणि सगुणाबाई काढा गाळीत होत्या तेथे जाऊन उभे राहिले. सगुणाबाईंचे वय पन्नाशीचे, आवाज घोगरा, आणि रोग्याचे ऐकून घेण्याची सवय फार जुनी. त्यांनी पंतांस चौरंगावर बसविले, पाणी दिले आणि हातातले काम न सोडता सर्व ऐकिले. पंतांनी सांगितले की तुमचा शब्द दोन वेळा फुटला, उद्या चावडीवर दोन्ही वाचले जातील, यादोपंत तेथे रोज पहिले हजर असतात, ते तुमचे नाव घेऊन दरवाज्याशी जातील आणि माझे पान काढतील. आणि माझेच कशास, म्हणाले, त्या दालनात आपल्या गावच्या किती लेकीबाळींची दुखणी आहेत, कोणाची पोटाची, कोणाची मनाची, ती तुम्हांवर भरवसा ठेवून सांगितलेली, ती वाऱ्यावर जातील. हे बोलताना त्यांनी मान खाली घातली, कारण स्वतःची भीती घेऊन आलेल्या मनुष्यास दुसऱ्यांची भीती वाटेतच आठवली होती, आणि इतक्या उशिरा आठवली याची त्यास लाज वाटत होती.

सगुणाबाईंनी काढ्याचे फडके पिळले, हात पुसले आणि म्हणाल्या, "पंत, शब्द कोणाचा?"

पंत म्हणाले, "तुमचा."

"मग तो तुम्हांस कशाला ठाऊक असावा?"

तीस वर्षांत हा प्रश्न पंतांस कोणी विचारिला नव्हता. दफ्तरदारानेच शब्द योजावा, त्यानेच द्यावा, आणि दोनशे माणसांचे दोनशे शब्द त्याचे डोक्यात असावे, हीच रीत, आणि त्याच ओझ्यास ते आजवर मान समजत आले होते. सगुणाबाई म्हणाल्या की तुम्ही मुरांबा निवडलात आणि तो फुटल्यावर लोणचे निवडलेत, तिसरे काही निवडाल तर तुम्हांस ओळखणाऱ्या कोणी पन्हे म्हटले की दरवाजा उघडेल, कारण माणूस घाबरला म्हणजे आपल्याच फडताळात हात घालतो. मग विचारिले की तो दरवाजा ज्या कारागिराने केला त्याने एक हातजातेही दिले होते ना. पंतांस आठवले. होते खरे, दरवाज्याच्या जात्याचाच दगड, हातात मावेल एवढे, दफ्तराच्या पडवीत गोणपाटाखाली पडलेले. कारागिराने जाताना सांगितलेही होते की ज्याचा शब्द त्याने आपले घरी दळावा आणि आज्ञेत पीठ तेवढे द्यावे, दरवाजा आयते पीठही ठेवून घेतो. परंतु तेव्हा सर्वांनी म्हटले की चिठी आहे तर जाते कशास, आणि ते जाते तसेच राहिले.

मग पंत स्वतः गेले आणि जाते उपरण्यात बांधून घेऊन आले. सगुणाबाईंनी त्यांस बाहेरच्या ओट्यावर बसविले आणि स्वतः औषधांच्या कोठीत जाऊन दार लावून घेतले. पंतांस आतून जात्याची घरघर ऐकू आली, बाकी काही नाही. शब्द काय योजिला तो या बखरीत नाही, कारण बखरकारास ठाऊक नाही. इतकेच कळते की पुष्कळ वेळ घरघर चालली, यावरून शब्द लांब असावा, एखाद्या वाक्याएवढा, आणि फडताळातला नसावा. शेवटी बाई बाहेर आल्या आणि कागदाची एक पट्टी पंतांचे हाती दिली, तीवर साठ अक्षरे एका ओळीत आणि शेजारी बारीक अक्षरात मीठ. पंतांनी ती पट्टी डोळ्यांशी नेली, धुके दिसले, आणि प्रथमच त्यांस वाटले की बरे जाहले, मला दिसत नाही तेच बरे. मग बाईंनी म्हटले की चला, मीच खिडकीशी येत्ये, मीच वाचत्ये, तुम्ही आज्ञा तेवढी करा. दिवस मावळावयास अजून अवकाश होता, दफ्तर उघडे होते, सुभानजी लेखणी धरून बसलेलेच होते. पंतांनी आज्ञा केली की सगुणाबाईंचा आधीचा शब्द काढून त्या देतात ते पीठ ठेवावे, आणि बाईंनी एकेक अक्षर, मिठासकट, सावकाश वाचिले. दरवाज्याने ठेविले. सुभानजींनी साठही अक्षरे लिहिली, मधेच एकदा थांबून विचारिले की हे खरेच ढ होते की ठ, आणि ठ लिहिले. पंत त्यांजकडे पाहून पहिल्यांदाच हसले.

पंचमीस सकाळी चावडीवर मंडळी जमली. रोजनामा वाचणारे बोवा मोठे आवाजाचे, त्यांनी आरंभ केला, मुरांबा वाचिला, लोणचे वाचिले, लोणचे लिहू नये ही विनंतीही वाचिली, आणि लोक पोट धरून हसले. यादोपंत मात्र हसले नाहीत. ते पुढील वाचन न ऐकताच उठले आणि अंगरखा सावरीत दफ्तराकडे वळले, एवढ्या घाईने की एका पायात दुसऱ्याच कोणाचा जोडा गेला. मागे बोवा पिठापाशी आले आणि तेथे अडखळले, खटझळ म्हणाले, फढघ म्हणाले, दम घेऊन पुन्हा आरंभिले, आणि चावडीवरच्या एका म्हाताऱ्याने शेजाऱ्यास पुसले की बोवांस काही होते आहे काय, वैद्यिणीस बोलावू का. ती साठ अक्षरे संपेतो अर्धी मंडळी पांगली. जे ऐकत राहिले त्यांस काही कळले नाही, आणि न कळण्यातच सर्वांचे हित होते हेही त्यांस कळले नाही.

इकडे पंत आणि सगुणाबाई दफ्तराच्या पडवीत खांबाआड उभे होते. पंतांस यादोपंत दिसत नव्हते, एक पिवळट सावली तेवढी हलताना दिसे, म्हणोन ते कान देऊन ऐकत होते. दफ्तराच्या दरवाज्याची बिजागरी जुनी, उघडला म्हणजे करकरे, त्या करकरीवर त्यांचा सारा जीव एकवटला होता. यादोपंत नळीशी वाकले, आधी सगुणाबाईंचे नाव घेतले, मग मुरांबा म्हणाले. जाते फिरले, थांबले, करकर नाही. लोणचे म्हणाले, करकर नाही. मग क्षणभर थांबून, पंतांचे तीस वर्षांचे खाणेपिणे ज्यास ठाऊक तो मनुष्य जे म्हणेल ते म्हणाले, कैरीचे पन्हे. जाते फिरले आणि थांबले. मिरचीचे लोणचे म्हणाले, तिळाची चटणी म्हणाले, आणि पाच शब्द चुकले तशी दरवाज्याने आपल्या नेमाप्रमाणे आतून अडसर टाकिला, तो धप्प ऐसा आवाज पडवीपर्यंत आला. पंत तेथेच खाली बसले. सगुणाबाई पुढे जाऊन यादोपंतांस म्हणाल्या की नायब, माझ्या नावाने काही हवे होते का. यादोपंत म्हणाले की नाही नाही, बिजागरीस तेल लागते की काय ते पाहत होतो. बाई म्हणाल्या की ती वाजली तर कळेल. यादोपंत गेले, आणि पंत खाली बसूनच हसू लागले, हसता हसता त्यांचे डोळ्यांस पाणी आले, आणि ते पुसावे हेही त्यांस सुचले नाही.

दरबार भरला तो महाराजांनी चावडीचे वर्तमान ऐकिलेलेच होते. त्यांनी पंतांस पुढे बोलाविले आणि कपाळास आठी घालून पुसले, "दफ्तरदार, वैद्यीणबाईंचा चालता शब्द काय आहे?"

त्या राज्यी महाराजांनी पुसावे आणि ठाऊक नाही म्हणावे ऐसे कधी जाहले नव्हते, मग ठाऊक असो नसो. यादोपंत मान पुढे काढून बसले. पंत हात जोडून म्हणाले, "सेवकास ठाऊक नाही, महाराज. बाईंचा शब्द बाईंनीच योजिला, आपले घरी दळिला, आणि आज्ञेत पीठ तेवढे दिले. जे चावडीवर वाचिले गेले ते दोन्ही शब्द मेलेले आहेत."

मग महाराजांनी विचारिले की म्हणजे आम्ही तुम्हांस धरून कितीही दटावले तरी तो शब्द निघणार नाही. पंत म्हणाले की नाही निघणार. सुभानजींची वही चाळली तरी निघणार नाही काय. नाही निघणार. तेव्हा महाराज तक्क्याला टेकले आणि मोठ्याने हसले, आणि म्हणाले की मग आमचेही एक दुखणे आहे, ते आम्ही दोन वर्षे बाईंस सांगावयाचे टाळीत होतो, ते आज सांगतो. ते काय ते त्यांनी दरबारात सांगितले नाही, आणि कोणी पुसलेही नाही. त्याच बैठकीत आज्ञा जाहली की येथून पुढे दफ्तरी दाखल होणाराने आपला शब्द आपण योजावा, आपण दळावा, दफ्तरदाराने तो विचारू नये, वाकनिसाने पीठही लिहू नये, शब्द ठेविला एवढेच लिहावे, आणि पाची ठाण्यांस गेलेल्या नकला परत मागवाव्या. सुभानजींनी हे सर्व लिहिले, आणि न लिहिण्याचा हुकूम मिळाल्याचे त्यांस इतके समाधान वाटले की त्यांनी ते वाक्य दोन वेळा वाचून पाहिले.

पंत एरवी येथेच थांबले असते. परंतु दरवाजा उघडला नाही हे कानांनी ऐकिल्यापासून त्यांचे मन हलके जाहले होते, आणि हलक्या मनाने मनुष्य जे चार महिने बोलत नाही ते बोलून जातो. ते म्हणाले की महाराज, आणखी एक अर्ज आहे, सेवकाचे डोळ्यांस अक्षर दिसत नाही, मोतीबिंदू आहे, कायद्याप्रमाणे शिक्का खाली ठेवितो. महाराज म्हणाले, "आम्हांस ठाऊक आहे. दसऱ्यास तुम्ही आमचा खलिता उलटा धरून मान डोलवीत होता. आम्ही म्हटले, सांगावयाचे असेल तेव्हा सांगतील."

चार महिने ज्याची धास्ती घेऊन पंत जगले ते उघड्या दिवसासारखे महाराजांस ठाऊक, आणि तरी शिक्का त्यांच्याच हाती. महाराजांनी पुढे आज्ञा केली की पंतांनी महिनाभर घरी पडावे, सगुणाबाईंनी डोळ्यातला मोतीबिंदू काढावा, शिक्का तोवर आमचे उशाशी राहील, नायबांकडे नाही. आणि यादोपंतांस म्हणाले की तुम्हांस बिजागऱ्यांची आवड दिसते, तरी राज्यातल्या सर्व दरवाज्यांस महिनाभर तेल घालीत फिरावे. पंत घरी गेले. त्यांनी कुटुंबास सर्व सांगितले, मुरांब्यापासून, आणि कुटुंबाने प्रथम डोळ्यांचे आपणापासून लपविल्याबद्दल दोन घटका अबोला धरिला, मग पान वाढले. त्या दिवशी पंत पोटभर जेवले. दोनशे शब्दांतला एकेक शब्द पुढे ज्याचा त्याने बदलून नेला, आणि पंतांचे डोके रिकामे होत गेले, त्याचे त्यांस काडीइतके वाईट वाटले नाही.

सारांश, पौषात डोळा जाहला, माघात पट्टी सुटली, आणि पंतांनी गादीवर बसताच पहिला कागद मागितला तो सुभानजींचा रोजनामा. त्या दिवशी पाटबंधाऱ्यांच्या दालनास एक नवी बाई दाखल जाहली होती. पंतांनी कागद सुलटा धरून आपल्या डोळ्यांनी वाचिले, इसम अमुक, दालन अमुक, शब्द तिचा तिने ठेविला. पुढे काय असेल म्हणोन त्यांनी ओळीवरून बोट फिरविले. पुढे काही नव्हते, कोरा कागद होता, आणि तो कोरा आहे हे त्यांस स्वच्छ दिसत होते. हकीकत घडली तैसी लिहिली, शब्द तेवढा सोडून. वाचणाराने आपला सांभाळावा.